कोरेल्लीचा ख्रिसमस कॉन्चेर्तो सँपल्सवर: स्ट्रिंग्जची आर्टिक्युलेशन्स निवडतानाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

एका प्रायोगिक नाटकाला आर्कांजेलो कोरेल्ली या इटालियन बरोक संगीतकाराच्या ओपस ६ मधला आठवा कॉन्चेर्तो ग्रोस्सो (मोजके सोलो वादक आणि बाकीचा संच यांच्यासाठीची रचना) हवा आहे. जी मायनरमधला, ख्रिसमसच्या रात्रीसाठी लिहिलेला. अख्खा नको. सुरुवातीचे विवाचे आणि ग्रावे, त्यामागचा अलेग्रो, मधला ई फ्लॅट मेजरमधला अदाजो आणि शेवटचा पास्तोराले एवढेच भाग. वादक बोलवायला पैसे नाहीत, तयार रेकॉर्डिंग लावायचं तर हक्कांचं लचांड. मूळ संगीत मात्र मोकळं आहे. कोरेल्ली १७१३ साली वारला आणि हे कॉन्चेर्तो १७१४ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. म्हणून मॉकअप, म्हणजे वादकांऐवजी रेकॉर्ड केलेल्या सुट्या स्वरांतून (सँपल्समधून) कॉम्प्युटरवर उभी केलेली नक्कल.

दिग्दर्शकाची अट एकच: "सिनेमासारखं वाजायला नको."

सामान: रीपर (ट्रॅक लावायचं सॉफ्टवेअर), कॉन्टॅक्ट (सँपल्स वाजवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सँपलर), एक चेंबर स्ट्रिंग्जची लायब्ररी (दर विभागात तीन-चार वादक) आणि एक सोलो स्ट्रिंग्जची. नावं लिहीत नाही, कारण पुढे जे आहे ते आजच्या बहुतेक लायब्रऱ्यांना लागू पडेल. त्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतासाठीच रेकॉर्ड केलेल्या असतात आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. सोलो लायब्ररी सेलमध्ये मिळाली. सँपल्स फिरत्या हार्डडिस्कवरून वेळेत लोड होईनात म्हणून एक टीबीची एसएसडी घ्यावी लागली, ती बजेटमध्ये नव्हती. हे काम करणार असाल तर आधी डिस्कचे पैसे बाजूला काढा.

संच असा: कॉन्चेर्तिनो म्हणजे दोन सोलो व्हायोलिन आणि एक चेलो, रिपिएनो म्हणजे बाकीची व्हायोलिन, व्हायोला, चेलो-बास. सोबत ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड. कॉन्चेर्तिनो सोलो लायब्ररीत, रिपिएनो चेंबरमध्ये. रिपिएनोत किती वादक धरायचे यावर फार वेळ घालवला नाही. १६८७ मध्ये रोममध्ये स्वीडनच्या माजी राणी क्रिस्टीनाकडच्या एका सोहळ्यात कोरेल्लीच्या हाताखाली दीडशे तंतुवादक होते. दुसरीकडे, त्याचं संगीत रोममध्ये ऐकून गेलेला गेओर्ग मुफात १७०१ मध्ये सांगतो की असे कॉन्चेर्तो मोजक्या वादकांवरही करता येतात. म्हणजे तीन-चार चालतील.

५ नोव्हेंबर

मिडी (कोणता स्वर केव्हा, किती वेळ वाजवायचा याच्या सूचना) भरून झाला. पहिला आराखडा सरळसोट होता: लांब स्वरांना लेगॅटो (जोडून वाजवलेले स्वर), छोट्यांना स्पिकाटो (उसळत्या गजाचे). लायब्ररी उघडली की हेच दोन पॅच (एकेका आर्टिक्युलेशनचे, म्हणजे स्वर वाजवण्याच्या एकेका पद्धतीचे सँपल-संच) सर्वात देखणे वाजतात.

ओळखीच्या एक ताई पाश्चात्य व्हायोलिन शिकवतात, त्यांना ग्रावे ऐकवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, यातला एकही स्वर संपतच नाही."

"ताई, लेगॅटो आहे ना."

"तेच. लेगॅटो तुला सांगितलं कोणी? स्लर दिसतोय का कुठे?"

नव्हता. कोरेल्लीच्या पानावर स्लर (स्वर एकाच गजात जोडण्याची कमान) मोजकेच. लेगॅटो पॅच मात्र प्रत्येक दोन स्वरांमध्ये रेकॉर्ड केलेला सांधा घालतो, त्यात किंचित घसरण असते, मींडेच्या अंगाने जाणारी. सगळ्या ओळीला तो सांधा लागला की संगीत दोनशे वर्षं पुढे सरकतं.

अलेग्रोतल्या चेलोच्या अष्टमांश स्वरांना स्पिकाटो लावला होता. तोही फसला. स्पिकाटोत गज हवेतून तारेवर पडून उसळतो, म्हणून प्रत्येक स्वराच्या तोंडाशी एक टोकदार 'टक्' आणि मागे हॉलची शेपटी. सलग आठ स्वर आले की पाठलागाचा प्रसंग सुरू झाल्यासारखं वाटतं. त्या काळचा गज आजच्याहून हलका, काठी बाहेरच्या बाजूला वाकलेली. जलद स्वर तारेवर राहूनच वाजत आणि दोघांमध्ये श्वासाइतकी जागा सुटे. उसळी नव्हे, जागा.

८ नोव्हेंबर

पॅचची नावं बाजूला ठेवून तपासणी केली. चाचणीला अलेग्रोतल्या चार मात्रांचा एक तुकडा आणि ग्रावेतले दोन लांब स्वर. तेच मिडी प्रत्येक आर्टिक्युलेशनवर चालवलं, वेगवेगळं रेंडर केलं (ऑडिओ फाइल काढली), आणि नाव न बघता ऐकलं. आधी मी स्वराची सुरुवात ऐकत होतो: टोकदार की मऊ? त्यावरून काही ठरेना. सुरुवात नंतर बदलता येते. शेवट बदलता येत नाही. स्वर कसा संपतो, खोलीत किती रेंगाळतो, पुढच्या स्वराआधी शांतता उरते का, यावर छाटणी केली तेव्हा यादी झटक्यात लहान झाली.

बाद झालेले:

लेगॅटो, वरच्या कारणाने (दोन ठिकाणी परत आणला, पुढे येईल). व्हायब्राटोवाले (कंप असलेले) सस्टेन, म्हणजे धरून ठेवलेले स्वर. फ्लाउटांडो, नाव गोड आहे, आवाज काचेचा. ट्रेमोलोचा (गजाच्या जलद थरथराटाचा) प्रश्नच नव्हता. टोकदार मार्काटो, कारण त्याचा पहिला धक्का संपला की मागे सपाट स्वर राहतो.

राहिलेले:

नॉन-व्हायब्राटो सस्टेन हा मुख्य कच्चा माल. डेटाशे (प्रत्येक स्वराला वेगळा गज), जिथे लायब्ररीत खरोखर रेकॉर्ड केलेला आहे तिथे. पोर्टाटो (काही ठिकाणी याला टेनुटो म्हणतात), साधारण अर्ध्या सेकंदाचा, मधे किंचित फुगून उतरणारा. हा सर्वात कामाचा निघाला आणि मेनूत सर्वात खाली होता. आणि तारेवरचा स्टकाटो (आखूड, तुटक स्वर), तोही थोडा.

एक गोष्ट तपासून घ्या. छोट्या स्वरांचे पॅच दोन जातींचे असतात. एका जातीत नोट कितीही लांब काढा, सँपल त्याच्या लांबीइतकंच वाजतं. दुसरीत नोट सोडली की स्वर तुटतो आणि रिलीज सँपल (स्वर सुटतानाचा आवाज) सुरू होतं. आपल्याला दुसरी जात हवी, कारण स्वरामागची जागा हातात राहते. अलेग्रो मिनिटाला ११२ मात्रांच्या वेगाने घेतला आहे, म्हणजे अष्टमांश स्वराला सुमारे २६८ मिलिसेकंद. त्यातले १८० ते २०० वाजायला हवेत, बाकी मोकळे. ही लांबीही सगळ्यांना सारखी नको. जड मात्रेवरचा स्वर लांब, हलका आखूड.

९ नोव्हेंबर

व्हायब्राटोवर ताईंशी वाद. मी म्हणालो, सगळीकडे शून्य. त्यांनी जेमिनियानी या जुन्या व्हायोलिनवादकाची आठवण करून दिली. तो १७५१ मध्ये व्हायोलिनवर लिहिताना व्हायब्राटो जितक्या वेळा करता येईल तितका करा म्हणतो. लिओपोल्ड मोत्सार्ट (प्रसिद्ध मोत्सार्टचे वडील) १७५६ मध्ये नेमका उलट चिडतो, काही वादक ताप आल्यासारखे प्रत्येक स्वरावर थरथरतात म्हणून. तडजोड: रिपिएनोत शून्य, कॉन्चेर्तिनोच्या निवडक लांब स्वरांच्या मध्यभागी थोडा. पण सोलो लायब्ररीत व्हायब्राटोचा सरकता नॉब दोन सँपल्समध्ये क्रॉसफेड करतो (एक विरत जातं, दुसरं चढत येतं) आणि एकाच वादकाच्या दोन रेकॉर्डिंग्ज एकमेकांवर चढल्या की एक पोकळ भोवरा ऐकू येतो. विभागात तो लपतो, सोलोत उघडा पडतो. म्हणून सोलोतही शून्यच ठेवला आणि चार-पाच ठिकाणी पिच बेंडने (स्वर वरखाली सरकवणाऱ्या मिडी कंट्रोलने) हाताने हलका कंप काढला. बरा वाजतो. फार नाही.

१२ नोव्हेंबर

आता सूर. आजचे बरोक संच सहसा ए = ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळपास बरोबर अर्धा स्वर खाली. सोपा उपाय म्हणजे मिडी अर्ध्या स्वराने खाली ओढणे. केला आणि व्हायोलिनचे काही स्वर गायब झाले. कारण उघड आहे, फक्त आधी सुचलं नाही. व्हायोलिनची सर्वात खालची तार जी. जी मायनरच्या रचनेत ती हमखास वाजते. मिडी खाली नेला की सँपलरकडे एफ शार्पची मागणी जाते आणि ते सँपल रेकॉर्डच झालेलं नसतं. व्हायोला-चेलोच्या खालच्या सी चंही तेच.

म्हणून मिडी जागेवर ठेवून कॉन्टॅक्टमध्ये प्रत्येक इन्स्ट्रुमेंटचा ट्यून नॉब उणे १.०० केला. सँपल तेच, फक्त सुमारे सहा टक्के सावकाश वाजतं. याचा फायदा न मागता मिळाला: तोंडाचा धक्का तेवढाच मऊ होतो, आवाजाचा पोत किंचित रुंद होतो आणि त्या काळच्या आतड्याच्या तारांकडे एक पाऊल पडतं. तोटा: विभाग जरा मोठा वाटू लागतो. क्लोज माइक वाढवून आणि ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबल कमी करून तो भागवला.

रोमचा त्या काळचा सूर ४१५ पेक्षाही खाली होता. तिथवर जाऊन पाहिलं. सँपल्स इतकी ताणली की चेलो झोपाळू होतो. परत ४१५.

१५ नोव्हेंबर

लांब स्वरांचा आकार. यात एक अख्खा शनिवार-रविवार गेला.

लिओपोल्ड मोत्सार्टच सांगतो की कितीही जोरात उचललेला स्वर असला तरी त्याच्या सुरुवातीला एक अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल असा दुबळेपणा असतो आणि शेवटीही. नॉन-व्हायब्राटो सस्टेन सँपलमध्ये तो नसतो. तिथे स्वर लागतो, सपाट चालतो, कापला जातो. तो आकार हाताने द्यावा लागतो.

आधी फक्त मिडी कंट्रोलर (सीसी) ११ ने दिला. म्हणजे नुसता आवाज कमी-जास्त. कृत्रिम. मोठा स्वर लांब नेल्यासारखा वाटतो, वादकाने हलका केल्यासारखा नाही. मग फक्त सीसी १ ने, जो सँपलचे थर बदलतो. त्यात थर ओलांडताना मधेच पोत उडी मारतो. शेवटी दोन्ही मिळून: सीसी १ अरुंद पट्ट्यात, ३५ ते ८० मध्ये, आणि उरलेला चढउतार सीसी ११ वर. ८० च्या वर या लायब्ररीत तारा खरखरतात आणि लगेच ट्रेलर सुरू होतो. वरचा थर अख्ख्या कामात एकदाही वापरला नाही.

दर स्वराला वक्र काढत बसणं अशक्य आहे. तीन आकार करून ठेवले आणि तेच चिकटवत गेलो: एक घंटेसारखा, मधे फुगणारा, लांब स्वरांना, एक लवकर चढून सावकाश उतरणारा, साध्या स्वरांना, आणि एक जवळजवळ सपाट पण शेवटच्या तृतीयांशात सुटणारा, बासला. रीपरमध्ये सीसीचे बिंदू वक्ररेषेने जोडता येतात, त्यामुळे दर आकाराला तीन-चार बिंदू पुरतात. चिकटवल्यावर दर चौथा-पाचवा स्वर हाताने बिघडवायचा.

एक फास इथे आहे. स्वर सीसी १ ने हलका करत आणला तरी नोट सोडताना वाजणारं रिलीज सँपल काही लायब्रऱ्यांत जोरातलंच निघतं. शांत झालेला स्वर शेवटी उचकी देतो. लायब्ररीत रिलीजचा वेगळा नॉब असेल तर तो खाली आणा. माझ्याकडे सहा डेसिबल खाली आणल्यावर उचकी गेली.

१९ नोव्हेंबर

डाऊन-बो आणि अप-बो. त्या काळच्या गजावर हे दोन फटके सारखे नसतात; मुठीकडून सुटणारा डाऊन-बो जड, टोकाकडून येणारा अप-बो हलका. लायब्ररीत असं वेगळं लेबल कुठेच नव्हतं. पण पोर्टाटोचे राउंड रॉबिन (एकाच स्वराची आळीपाळीने वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज) एकेक करून ऐकले तर विषम क्रमांकाचे किंचित जड आणि सम क्रमांकाचे हलके निघाले. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकांनी आळीपाळीने गज ओढला असणार. तुमच्या लायब्ररीत असं असेलच असं नाही, कान लावून बघा.

यातून अडचण अशी की राउंड रॉबिन आपल्या लहरीने फिरतं. मधे एक विराम आला की मोजणी घसरते आणि जड मात्रेवर हलका फटका पडतो. पुन्हा प्ले केलं की वेगळंच. उपाय: ट्रान्सपोर्ट सुरू होताना मोजणी पहिल्यावर आणणारी सोय चालू केली, आणि विरामानंतर जिथे क्रम उलटला तिथे राउंड रॉबिन परत पहिल्यावर आणणारी कीस्विच (स्वतः न वाजता लायब्ररीला सूचना देणारी नोट) टाकली. ज्या लायब्ररीत ही सोय नाही तिथे घसरलेल्या ठिकाणी अगदी कमी व्हेलॉसिटीची (जोराची) एक मुकी नोट आधी टाकून क्रम ढकलता येतो. गबाळं आहे, चालतं.

मग प्रत्येक मात्राखंडाचा पहिला स्वर डाऊन-बो करून टाकला. नीट, शिस्तीत.

२० नोव्हेंबर

शिस्त जास्त झाली. अलेग्रो कवायत करतोय.

ताईंना फोन. त्या हसल्या. दर मात्राखंडाला डाऊन-बो हा फ्रेंचांचा आग्रह, लुलीच्या वाद्यवृंदाचा. नाचाच्या संगीताला तो शोभतो. इटालियन मंडळी इतकी बांधलेली नव्हती. जेमिनियानी, जो स्वतःला कोरेल्लीचा शिष्य म्हणवायचा, या नियमाला सरळ टाकाऊ ठरवतो. मी सर्व कीस्विच पुसल्या नाहीत. वाक्य जिथे सुरू होतं आणि जिथे टेकतं तिथल्याच ठेवल्या, मधलं राउंड रॉबिनवर सोडलं. आता श्वास आहे.

याच दिवशी कीस्विचवर आर्टिक्युलेशन बदलण्याची पद्धतही सोडली. प्रत्येक आर्टिक्युलेशन वेगळ्या उशिराने बोलतं. माझ्याकडे स्टकाटो साधारण ६० मिलिसेकंद, पोर्टाटो ९०, सस्टेन १२० आणि सावकाश लेगॅटो अडीचशेच्या आसपास. एकाच ट्रॅकवर चौघे असतील तर ट्रॅक किती पुढे सरकवायचा? म्हणून दर आर्टिक्युलेशनला वेगळा ट्रॅक आणि दर ट्रॅकला स्वतःचा उणे प्लेबॅक ऑफसेट (ट्रॅक तेवढा आधी वाजवण्याची सोय). ट्रॅक वाढले, डोकं शांत झालं. आधीच्या आठवड्यातलं हाताने नोटा पुढे-मागे ओढण्याचं काम सगळं वाया गेलं. हे पहिल्या दिवशी करून टाका.

२३ नोव्हेंबर

अलेग्रोत दोन सोलो व्हायोलिन एकमेकांवर चढत जातात. एकीचा स्वर धरलेला असतो, दुसरी येऊन त्याला खटकते, पहिली खाली उतरते, मग उलट. खाली चेलो अखंड धावतो. मॉकअपमध्ये मात्र दोन बायका भांडत नव्हत्या, एकच बाई दोन्ही बाजूंनी बोलत होती. दोन्ही ट्रॅक एकाच सोलो व्हायोलिनवर, त्यामुळे एकीने सोडलेला डी आणि दुसरीने उचललेला डी हे अक्षरशः एकच सँपल. दोघी एका स्वरावर भेटल्या की आवाज पोकळ.

दुसरी सोलो लायब्ररी घ्यायला पैसे नव्हते. जुनी युक्ती केली: दुसऱ्या व्हायोलिनचा मिडी एक पूर्ण स्वर वर नेला आणि ट्यून नॉब तेवढा आणखी खाली, म्हणजे ४१५ चा धरून एकूण उणे ३.००. आता ती शेजारच्या स्वरांची सँपल्स वापरते, थोडी गडद वाजते. उलट दिशा, म्हणजे मिडी खाली आणि ट्यून वर, वापरू नका. खालच्या जी चा तोच घोळ परत येतो. उणे तीनमुळे हल्ला आणखी मऊ झाला, म्हणून तिला स्टकाटोचा अगदी बारीक थर खाली दिला. शिवाय तिला डावीकडून उजवीकडे बसवलं. रिपिएनोचे दोन व्हायोलिन विभाग लायब्ररीत मुळातच वेगळे रेकॉर्ड केलेले आहेत, तिथे काही करावं लागलं नाही.

धरलेल्या स्वराचा आकारही इथे उलटा करावा लागला. घंटेसारखा आकार आपल्या मध्यावर फुगतो. पण ताण मध्यावर नसतो, दुसरी व्हायोलिन येऊन खटकते त्या क्षणी असतो. शिखर तिथे नेलं आणि नंतर उतरणारा स्वर स्पष्ट हलका ठेवला. एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कुठल्याच गोष्टीने पडला नाही.

२७ नोव्हेंबर

ग्रावे. माथ्यावर कोरेल्लीची सूचना आहे: आर्काते सोस्तेनुते ए कोमे स्ता. गज धरून ठेवा आणि लिहिलंय तसंच वाजवा, आपली नक्षी घालू नका. म्हणजे इतके दिवस स्वरांमध्ये जागा सोडायला शिकल्यावर इथे मात्र जागा नको.

लेगॅटो परत आणावा का? आणला, ऐकला, पुन्हा काढला. 'धरलेला' आणि 'जोडलेला' यांत फरक आहे. शेवटी नॉन-व्हायब्राटो सस्टेनच, नोटा एकमेकींवर ३०-४० मिलिसेकंद चढवून, आणि आकार जवळजवळ सपाट. गज बदलतो तिथे सीसी ११ मध्ये एक खाच. सगळ्या विभागांची खाच एकाच क्षणी पडली की वीज गेल्यासारखं वाटतं, म्हणून ती विभागागणिक थोडी सरकवली. मागे छोट्या ऑर्गनचं सँपल ठेवलं. सांध्यांतली उरलेली धूळ त्याने झाकली.

त्याआधीचा विवाचे अर्ध्या तासात झाला. पोर्टाटो अधिक थोडा स्टकाटो. पुढे.

१ डिसेंबर

ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद आळीपाळी. लायब्ररीत ट्रिलचे पॅच असतात, अर्ध्या स्वराचे आणि पूर्ण स्वराचे. इथे निरुपयोगी. ते मुख्य स्वरापासून सुरू होतात आणि एकाच गतीने फिरतात. या संगीतात वाक्याच्या शेवटचा ट्रिल वरच्या स्वरापासून, मात्रेवर, थोडा टेकून सुरू होतो आणि मग वेग घेतो.

हाताने काढला. पहिला वरचा स्वर पोर्टाटोवर, जवळपास निम्मा वेळ. पुढचे स्वर जलद लेगॅटोवर, हळूहळू जवळ येणारे. लेगॅटोचं पहिलं खरं काम हे. पोर्टाटोतून लेगॅटोत शिरताना सांध्यावर दुसरा धक्का ऐकू येत होता. लेगॅटोची पहिली नोट पोर्टाटोच्या शेपटीखाली मुकी सुरू केली की तो जातो. लेगॅटोचं दुसरं काम म्हणजे पानावर खरोखर स्लर असलेल्या स्वरांच्या जोड्या. तिथे दुसरा स्वर पहिल्याहून बराच हलका आणि आखूड ठेवायचा, नाहीतर पुन्हा सिनेमा.

४ डिसेंबर

वालोट्टी टेम्परामेंट, म्हणजे बारा स्वर किंचित वरखाली लावण्याची एक जुनी पद्धत. कॉन्टॅक्टमध्ये मायक्रोट्यूनिंगची स्क्रिप्ट मिळते. ए शून्य धरून सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) भरले: सी अधिक ६, डी अधिक २, ई फ्लॅट अधिक ४, ई उणे २, एफ अधिक ८, एफ शार्प उणे २, जी अधिक ४, बी फ्लॅट अधिक ६, बी उणे ४. सी शार्प शून्य, जी शार्प अधिक २. पास्तोराले जी मेजरमध्ये आहे, तिथे जी-बी अंतर आठ सेंटने आखूड होऊन गोड लागतं. ई फ्लॅट मेजरच्या अदाजोत मात्र ई फ्लॅट आणि जी दोघेही चार सेंट वर, म्हणजे अंतर आजच्या पियानोइतकंच राहिलं. तिथे सोलो व्हायोलिनचा जी हाताने दहाएक सेंट खाली ओढला, बरं वाटलं.

खरं सांगायचं तर रिपिएनोत हा सगळा खटाटोप ऐकू येत नाही. चार वादकांचा विभाग मुळातच इतके सेंट इकडे-तिकडे असतो. ऑर्गन आणि सोलोंना लावा, बाकीचा वेळ झोपेला द्या.

९ डिसेंबर

पास्तोराले. १२/८, खाली मेंढपाळांच्या वाद्यासारखा धरलेला स्वर. वर डोलणारी सुरावट, तिला पोर्टाटो चपखल बसला: तीनच्या गटातला पहिला लांब, तिसरा उचललेला. खालच्या धरलेल्या स्वराला मात्र सस्टेन सँपलचा लूप उघडा पडला. दर काही सेकंदांनी तीच बारीक घसघस फिरून येते, एकदा कानात बसली की दुसरं काही ऐकू येत नाही. दोन ट्रॅक केले, एकावर चेलो, एकावर व्हायोला त्याच स्वरावर, दोघांचा गज वेगवेगळ्या ठिकाणी बदलणारा. घसघस विरली. ताईंनी ऐकून फक्त एवढंच विचारलं, "व्हायोलावाली कोण आहे?"

अदाजोतला मधला जलद तुकडा अजून यंत्रासारखाच वाजतो. पोर्टाटो तिथे पुरत नाही, उशिरा बोलतो. स्टकाटो बोलतो पण टोचतो. दिग्दर्शकाशी बोलून तो तुकडा कापला. अदाजोचा पहिला भागच ठेवला.

१५ डिसेंबर

नाट्यगृहात चाचणी. घरी हेडफोनवर सुमारे दोन सेकंदांचा चर्चचा रिव्हर्ब (घुमारा) दिला होता, सुंदर वाटत होता. सभागृहाच्या स्पीकरवर, तिथे जवळजवळ मोनोच वाजतं, स्वरांमधल्या सगळ्या जागा त्याने भरून टाकल्या आणि अलेग्रो पहिल्या दिवशीच्या लेगॅटोसारखा ऐकू आला. रिव्हर्ब सव्वा सेकंदावर आणला, पातळीही निम्मी. चेलोच्या नोटा आणखी २० मिलिसेकंदांनी आखूड केल्या. दुसरी व्हायोलिन मोनोत पहिल्यात मिसळत होती, डावी-उजवी बैठक तिथे उपयोगाची नाही. तिचा स्टकाटोचा थर थोडा वाढवला तेव्हा वेगळी उमटली. चारही तुकड्यांचे स्टेम्स वेगळे दिलेत, कॉन्चेर्तिनो एक, रिपिएनो एक, ऑर्गन एक, म्हणजे ध्वनिवाल्याला प्रयोगाच्या दिवशी ऑर्गन कमी करायचा झाला तर मला फोन करावा लागणार नाही.